बोदनार बालिंतच्या काठीचा ठसा

मी, बोदनार बालिंत, वडील कै. बोदनार मार्तोन, वय सत्तावीस, धंदा वाइनची पिंपे बांधणे, राहणार फेलशोकुत, टोकायच्या डोंगराखाली, सध्या मुक्काम मोझेश लोहाराच्या मागच्या खोलीत, खालचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कुणाच्या धाकाने नाही आणि प्यायलेलो असताना तर मुळीच नाही. मनाने मी धड आहे. शाळेचे मास्तर सिक्साई दानियल यांनी तशी खात्री करून घेतली. आधी आज वार कोणता ते विचारले. मग म्हणाले, "एका पिंपाला फळ्या किती लागतात?"

"कशा फोडल्यात त्यावर आहे, मास्तर. रुंद असतील तर वीस, अरुंद असतील तर…"

"शुद्धीवर आहे," मास्तर मोझेशकाकांना म्हणाले. "वाद घालतोय."

शरीराने मात्र धड नाही. उजवा पाय नडगीपासून खाली काळा पडला आहे आणि तो गुरुवारी उयहेयच्या इस्पितळात कापायचा आहे. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, असे तीन आले तर दोन घरी जातात. मी विचारले, "आणि तिसरा?" म्हणाला, "तिसऱ्याने कागदपत्र आधी उरकून घ्यावेत." म्हणून हा कागद. मी शाळेत तीन हिवाळे गेलो, तेही शेगडीजवळची जागा मिळाली तरच, तेव्हा चुका असतील. मास्तर सुधारतो म्हणाले होते, मी नको म्हटले. माझ्या नावावर दुसऱ्याने केलेले काम आता पुष्कळ झाले.

कलम १. कपडे आणि बूट. कोट, दोन सदरे आणि मेंढीच्या कातड्याची टोपी नदीवरच्या होडीवाल्याला द्यावी. का ते पुढे येईल. बूट बोर्दोच्या चांभाराने शिवलेले आहेत आणि त्यांच्या तळव्यांनी माझ्यापेक्षा जास्त जग पाहिले आहे. मी गुरुवारी मेलो तर जोडी द्यावी. जगलो तर फक्त उजवा द्यावा. कुणाला, ते अजून ठरलेले नाही. उजव्याच पायाचा माणूस शोधावा लागेल. पोझोन्यला असा एक होता, पुलावर बाजा वाजवायचा, पण तो डावा बूट मागायचा की उजवा ते आता आठवत नाही. मास्तर म्हणतात मुद्द्यावर ये.

कलम २. प्रवासाची वही आणि काठी. आमच्या धंद्यात शिकून झाले की काही वर्षे गावोगाव फिरून परक्या मालकांकडे राबायचे, आणि प्रत्येक मालकाने वहीत सही करायची. बहुतेक तीन वर्षांत परत येतात. मला सात लागली, कारण दर वेळी रस्ता पुढे जात होता आणि मी काय करणार. वहीत एकोणीस सह्या आहेत. ती मास्तरांनी शाळेत ठेवावी, मुलांना भूगोल शिकवायला बरी. काठी माझ्याबरोबर पुरावी.

याच काठीवरून माझा ठसा पडला. मी एकोणिसाव्या वर्षी परीक्षेचे पिंप बांधले तेव्हा पंच तासभर त्यात दिवा घालून फट शोधत होते. सापडली नाही. मग वडिलांनी मोझेशकाकांकडून लोखंडी ठसा करून घेतला: एक काठी, तिच्यावर तीन कडी. तापवून पिंपाच्या तोंडाच्या फळीवर दाबायचा की झाले, ते काम माझे. निघण्याच्या दिवशी वडिलांनी तो माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाले, "जिथं राबशील तिथं मालकाचाच ठसा मारायचा, तुझा मारायचा नाही, रीत आहे. पण हा जवळ ठेव. नाव विसरायला होतं रस्त्यात."

सात वर्षे तो ठसा माझ्या पिशवीच्या तळाशी मोज्यात गुंडाळलेला होता. एकदाही तापला नाही. हे मी शपथेवर लिहितो. या कागदात बाकी काही खरे धरले नाही तरी चालेल, एवढे धरावे.

कलम ३. हत्यारे. वाकस, दोन मुठींचा सुरा, लांब रंधा, खाच पाडायचे हत्यार, हे सगळे ज्याला पिंप बांधता येते त्याला द्यावे. पाहून घ्यावे. तोंडाने बांधणारे फार आहेत.

कलम ४. माझ्या हातचे एकच पिंप. हे तोर्मा वेरोन या विधवा बाईंना द्यावे, आणि का ते इथेच लिहितो, कारण हे सगळे लिहिणे त्याच्यासाठीच आहे.

मार्चमध्ये मी परत आलो. बोद्रोग नदीवर होडीवाल्याने विचारले, "कोणाचा तू?"

"बोदनारांचा. बालिंत."

"कुठला, काठीवाला?"

मला बरे वाटले. म्हटले, सात वर्षांनी ओळख राहिली. "हो, तोच," मी म्हणालो. त्याने माझी पिशवी उचलली आणि खालून हात फिरवून बघितला. "कोरडी आहे," तो म्हणाला. "आश्चर्य आहे." होडीतले सगळे हसले. मला काही कळेना, म्हणून मीही हसलो. नंतर कळले की आमच्या भागात ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याला आता 'बालिंतचं पिंप' म्हणतात. त्या होडीवाल्याला माझा कोट एवढ्यासाठी की निदान त्याने तोंडावर तरी सांगितले.

घरी जायच्या आधी वेरोनमावशींच्या तळघरात गेलो. लहानपणी त्या आम्हाला खसखशीची पोळी द्यायच्या. त्यांनी मला बसही म्हटले नाही. मेणबत्ती घेऊन आत नेले आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवले. पिंपाखालची माती काळी आणि चिकट. त्यावर माश्या.

"वाळल्या द्राक्षमण्यांची वाइन होती ती," मावशी म्हणाल्या. "एकेक मणी हातानं वेचलेला, दोन शरदांचा. माझ्या पोरीच्या, इल्काच्या लग्नाची. तुझ्या बापाच्या पिंपात माझ्या सासऱ्यांची वाइन तीस वर्षं निजली बाळा, आणि तुझ्या पिंपात माझी एक हिवाळा टिकली नाही."

"मावशी, मी हे बांधलं नाही."

"मग ही काठी कुणाची?"

फळीवर माझा ठसा होता. काठी, तीन कडी. मी फळीवर नख फिरवले. ओक करवतीने कापलेला होता, फोडलेला नव्हता. ओक त्याच्या शिरेने फोडायचा असतो, मग शिरा सलग राहतात आणि वाइन आतच राहते. करवत शिरा आडव्या तोडते. काम झटपट होते, फळ्या दुप्पट निघतात, आणि पिंपाला घाम फुटतो. शिवाय लाकूड एकच उन्हाळा वाळलेले. तीन लागतात. असले लाकूड मी डुकराच्या डोणीलाही लावले नसते. मी पिशवीतून मोजा काढला, मोज्यातून ठसा काढला, मावशींना दाखवला. "हा सात वर्षं माझ्याजवळ होता."

"असं तू म्हणतोस," मावशी म्हणाल्या. "पिंप म्हणतं तो इथंच होता. आणि पिंप कशाला खोटं बोलेल रे?"

इल्काचे लग्न मोडले. हे मावशींनी सांगितले नाही, मला नंतर दुसऱ्याने सांगितले.

तर ते पिंप. माझ्या वडिलांनी मी निघालो त्या वर्षी स्वतः फोडलेल्या फळ्यांची एक चळत आमच्या आवारात मावत नव्हती म्हणून मोझेशकाकांच्या भात्यामागे रचली होती. माझ्या थोरल्या भावाला, इम्रेला, ती माहीत नव्हती, म्हणून वाचली. त्या फळ्यांचे मी एप्रिलमध्ये, तिवईवर बसून, पाय दुसऱ्या तिवईवर ठेवून पिंप बांधले. माझा ठसा आयुष्यात दुसऱ्यांदाच त्यावर तापवून मारला. मोझेशकाकांच्याच भट्टीत. तेव्हा ते घोड्याला नाल मारायचा राहिलाय म्हणून बाहेर गेले. बाहेर घोडा नव्हता. मे महिन्यापासून त्यात पाणी भरून ठेवले आहे, खाली कोरडे फडके आहे. फडके अजून कोरडे आहे. मावशींनी त्यात पुन्हा वाइन भरावी असे मी म्हणत नाही. पाणी काढून खालचे फडके हाताने चाचपावे, एवढेच.

मी ते खोटे पिंप आणि माझे पिंप शेजारी ठेवून दोन्ही ठसे तासभर बघितले. दोन्ही एका हातचे वाटतात. खोट्या ठशात काठीच्या पायाशी केसाएवढी आडवी रेघ आहे, पण ती लाकडाची चीर. कच्च्या लाकडाला जाते. म्हणजे माझ्याकडे पुरावा नाही. माझ्याकडे फक्त माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दाला खालून हात लावून बघतात.

कलम ५. वडिलांच्या पिंपांच्या कारखान्यातील माझा अर्धा हिस्सा. वडील गेले तेव्हा मी त्रिएस्तला होतो. त्यांनी पाच जणांसमोर सांगितले की अर्धा इम्रेचा, अर्धा बालिंतचा. माझा अर्धा तोर्मा वेरोन यांना, त्यांच्या वाइनबद्दल. मास्तर म्हणतात, ताब्यात नसलेले देता येत नाही. मी म्हणतो, ताब्यात नसलेले घेता आले, मग देता का येऊ नये.

कलम ६. आडनाव. हे मी माझा थोरला भाऊ इम्रे याला देतो.

समजावून लिहितो. बोदनार म्हणजे पिंपे बांधणारा. आमच्या आजोबांचा आजोबा डोंगरापलीकडून आला तेव्हा त्याला आडनावच नव्हते. पोराच्या बाप्तिस्म्याला पाद्र्याने विचारले, लोक तुला काय म्हणतात? तो म्हणाला, पिंपवाला म्हणतात. झाले. तेव्हापासून पाच पिढ्या आम्ही नावाला जागलो. सगळ्यांचे असे नसते. मोझेशकाकांचे आडनाव चिझ्मादिया, म्हणजे बूट शिवणारा, आणि त्यांनी जन्मात सुई धरली नाही. नाव एकीकडे जाते, हात दुसरीकडे जातात, त्यात पाप नाही. पण आमच्याकडे नाव आणि हात बरोबर चालले होते. मला त्याचा गर्व होता. परक्या मुलखात कुणी विचारले की सांगायचो, माझे नाव हेच माझे काम आहे, एवढ्यावर जेवायला बसवायचे.

इम्रेला मी दर मुक्कामाहून पत्र लिहिले. कुठे कसा ओक मिळतो, बोर्दोला आत जाळ किती वेळ ठेवतात, सगळे. त्याची उत्तरे चार ओळींची: इकडे काम मंद आहे, तू घाई करू नकोस, फीर. मी म्हणायचो, काय मायेचा भाऊ. खरे तर माझ्या परीक्षेच्या पिंपाची गोष्ट पसरली होती, काठीच्या ठशाला दूरचे व्यापारी येऊन विचारत होते, आणि इम्रेने पाच गडी ठेवून, करवती लावून, त्यांना काठीचा ठसा पुरवला. आणि दोन वर्षांत पिंपे गळायला लागली तेव्हा त्याने अर्ज करून आडनावच बदलून घेतले. आता तो बेर्त्सी इम्रे आहे. डोंगरकड्यावरचा, असा काहीतरी त्याचा अर्थ. फाटकावर पाटी आहे, रंग अजून ओला वाटावा इतकी नवी. बोदनार नावाचा माणूस गावात एकटा मी उरलो, आणि गळकी पिंपे बोदनारांची.

वेरोनमावशींचे पिंप मी हातगाडीवर घालून त्याच्या आवारात नेले.

"दादा, हे कोणाचं?"

"ठसा बघ की."

"ठसा माझा आहे."

"मग पिंपही तुझंच," इम्रे म्हणाला. गडी हसले.

"मी इथं नव्हतो."

"नव्हतास ना? तेच तर म्हणतो. तू रस्त्यानं गाणी म्हणत फिरलास. तुझं नाव सात वर्षं इथं मी चालवलं, बालिंत. नाहीतर कोण ओळखत होतं तुला?"

"आणि गळायला लागलं तेव्हा?"

"तेव्हाही तुझंच होतं ते," तो म्हणाला. अगदी शांतपणे, हिशेब सरळ असल्यासारखा.

मग मी पटाशी आणि हातोडा उचलला आणि ते पिंप फोडायला गेलो. इथे माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊलाही ठाऊक असते की पोटावरची कडी आधी सैल करायची, तोंडावरचे कडे सगळ्यात शेवटी, कारण सगळा ताण त्याच्यात असतो. मी रागात सरळ तोंडावरच्या कड्यावर घाव घातला. रिबिट तुटले, कडे सापासारखे सुटले आणि नडगीला गुंडाळले. मी खाली बसलो. रक्त बुटात जात होते.

"सात वर्षं फिरून हे शिकलास," इम्रे म्हणाला, आणि आत जेवायला गेला.

ठसा चोरला ते मी कदाचित विसरेन. पायही. हे वाक्य विसरणार नाही. म्हणून माझे आडनाव मी त्याला देतो. त्याने ते टाकले असले तरी बाजारात, चर्चमध्ये आणि त्याच्या थडग्याच्या लाकडावर लोकांनी त्याला बोदनारच म्हणावे. नाकारायची सोय त्याला ठेवू नये.

कलम ७. दुसरा ठसा ज्या लोहाराने केला त्याला काही देत नाही. शापही देत नाही. शापासाठी माणूस माहीत असावा लागतो. या खोऱ्यात लोहार तीन. मोझेशकाकांना मी विचारले तेव्हा म्हणाले, "लोखंड सगळीकडं सारखंच असतं रे." पुन्हा विचारले तेव्हा सूप गरम आहे म्हणाले. भावाने दार लावले त्या दिवशी यांनीच मला खांद्यावर घालून आणले, आणि मागाहून हातगाडीवर ते पिंपही. ज्याच्या खाटेवर निजतो त्याच्यावर संशय घेता येत नाही.

कलम ८. पुरणे. साधी पेटी, पण फळ्या फोडलेल्या असाव्यात. डब्यातले अकरा फोरिंट त्यासाठी पुरतील. उरलेच तर घंटा वाजवणाऱ्याला द्यावेत. मी मेलो तर हा कागद मास्तरांनी रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात मोठ्याने वाचावा, सगळे बाहेर पडायच्या आत. प्रार्थना संपताच पळणारे इम्रेसारखे असतात, म्हणून फाटक लावून घ्यावे.

इथे मजकूर संपला होता. साक्षीदारांनी सही करायच्या आधी मास्तरांनी तो पहिल्यापासून वाचून दाखवला. सातव्या कलमाला मोझेशकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आठवे वाचून झाले. मास्तरांनी लेखणी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"खालची चीर नाही ती," ते म्हणाले.

"कुठली?"

"ठशाखालची. लिहा मास्तर, मी सांगतो. माझं अक्षर पोराला वाचता यायचं नाही."

ते म्हणाले ते मास्तरांनी लिहिले, जसेच्या तसे:

"मी चिझ्मादिया मोझेश, लोहार. दुसरा ठसा मी केला. चार वर्षं झाली. इम्रे आला, म्हणाला, पोरानं ठसा वाटेत हरवलाय, रडत पत्र लिहिलंय, नवा करून दे, पाठवतो. मी केला. माझ्या उस्तादाची शिकवण अशी की एका वस्तूसारखी दुसरी केलीस तर दुसरीच्या पायाशी कानशीनं एक रेघ ओढायची. म्हणजे दोन्ही कधी समोरासमोर आल्या तर आधीची कोणती ते देवाला विचारावं लागत नाही. मी रेघ ओढली. ज्या पिंपाच्या काठीखाली रेघ आहे ते इम्रेचं. मार्चमध्ये बालिंतनं इथं माझ्यासमोर मोज्यातून पहिला ठसा काढला तेव्हा मला सगळं कळलं. बोललो नाही. मी कडी करतो आणि ती इम्रे घेतो, दुसरं गिऱ्हाईक मला नाही. खाट दिली, सूप दिलं, बोललो नाही."

मी म्हणालो, "काका, तीन महिने."

"हो."

"मी दोनदा विचारलं तुम्हाला."

"चारदा," ते म्हणाले. "दोनदा तू तापात होतास."

मी भिंतीकडे तोंड केले. भावाचे घाव समोरून आले होते. हा खाटेखालून आला. थोड्या वेळाने मास्तरांनी विचारले, कागद नवा करायचा का. मी म्हटले नको, खाली जोडा.

जोड. कलम ७ कायम. लोहाराला काही देत नाही. माणूस आता माहीत झाला, तरी शाप देत नाही. तेवढ्याने सूप फेडले असे समजावे. खाट मी गुरुवारी रिकामी करतोच आहे.

कलम ८ बदलले. मी मरेपर्यंत थांबू नये. गुरुवारी माझे काहीही होवो, हा कागद येत्या रविवारी वाचावा. आणि वेरोनमावशींनी त्यांच्या पिंपावर, काठीच्या पायाशी, नख फिरवून बघावे.

कलम ६ रद्द. आडनाव कुणालाही देत नाही. ते माझ्याजवळ राहू द्या. जगलो तर कुबडीवर कोरेन.

साक्षीदार: सिक्साई दानियल, शिक्षक (सही).
साक्षीदार: चिझ्मादिया मोझेश, लोहार. याने स्वतःच्या हाताने नाव लिहिले, अक्षर लागते.

फेलशोकुत, मंगळवार, तेरा जून अठराशे ब्याऐंशी.

बोदनार बालिंत

सहीखाली माझा ठसा काजळी लावून उठवला आहे. काठी, तीन कडी. त्याखाली रेघ नाही. कुणीही बघावे.